निळ्या ओढणीतला कंस

तीन एक्स अधिक दोन वाय म्हणजे पाच एक्सवाय होत नाहीत, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत त्यावाचून माझं काही अडलं नव्हतं. नोकरी लागली, लग्न झालं, शहाद्यात कॉलनीत घर झालं, आणि या कशातही कोणी मला एक्सवाय विचारला नाही. पण आमच्या हेतलने सातवीच्या घटक चाचणीत नेमकं हेच उत्तर लिहिलं आणि तिला वीसपैकी चार गुण पडले. आता, हे उत्तर तिला घरात कोणी सांगितलं होतं, या चौकशीत मला पडायचं नाही. तिने सरांसमोर माझं नाव घेतलं नाही, एवढे संस्कार आमच्या घरात आहेत.

मुलीवर अन्याय झाला, अशी माझी खात्री होती. म्हणून मी रजा टाकून शाळेत गेलो.

मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळतो. ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या,’ हे वाक्य मी इतक्या मायेने म्हणतो की लोक खरंच उद्या येतात. तेव्हा शाळेच्या लिपिकाकडून मला थोडी बिरादरीची अपेक्षा होती. तो म्हणाला, “विषयशिक्षकांना भेटायचं तर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या. अर्जावर वर्गशिक्षकांची शिफारस लागेल.”

“वर्गशिक्षक कोण?”

“धनसिंग सर.”

“मला त्यांनाच भेटायचंय.”

“मग अर्ज करा,” तो म्हणाला, आणि पुन्हा मोबाइलमध्ये शिरला. मी मनातल्या मनात त्याला हात जोडले. इतकी सुबक अडवणूक आमच्याकडेही होत नाही.

शेवटी धनसिंग सरच खडू न्यायला कार्यालयात आले. धडगावकडचा शांत माणूस. मी पंधरा मिनिटं बोललो, त्यात पालकांचे हक्क, नवीन शैक्षणिक धोरण आणि माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेचा उल्लेख आला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “साहेब, एक्स आणि वाय विजातीय पदं आहेत. त्यांचं मिळून एक पद होत नाही. सजातीय पदांचीच बेरीज होते, वजाबाकी होते. घरातल्या वस्तू घेऊन दाखवा ना तिला, लगेच समजेल. मंगळवारी मी फेरचाचणी घेतो.”

भांडायला गेलो होतो आणि गृहपाठ घेऊन परत आलो. यापुढे जे झालं त्याची सुरुवात ‘घरातल्या वस्तू’ या दोन शब्दांपासून झाली, म्हणजे जबाबदारी कुणाची ते वाचकांनी ठरवावं.

रूपालीचं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं मत सरळ होतं. “शिकवणी लावी द्या.” शेजारच्या नथमलशेठनीही तेच सुचवलं. त्यांचं स्टँडजवळ कापडाचं दुकान आहे, आणि कापड विकून उरलेला वेळ ते कॉलनीला सल्ले देण्यात घालवतात. “पितांबरभाऊ, आमचा नातू पुनीत जातो ना क्लासला. एसी आहे तिथे,” ते म्हणाले. एसीत बसून एक्स आणि वाय वेगळे राहतात की काय, कोण जाणे. एवढं ऐकल्यावर माघार घेणं शक्य नव्हतं. मी ओट्यावर उभं राहून, चार घरांना ऐकू जाईल असं जाहीर केलं की मुलीला गणित मी स्वतः शिकवणार.

पहिल्या दिवशी केळी आणि पपई आणली. आमच्याकडे या दोन गोष्टींना तोटा नाही. “तीन केळी अधिक दोन पपया, मिळून काय?” मी विचारलं.

“फ्रूट सॅलड,” हेतल म्हणाली.

वजाबाकीपर्यंत पोचायच्या आत केळी संपली. रूपाली म्हणाली, “शिकाडानं ऱ्हायनं बाजूले, बापलेक खाई ऱ्हायनात.”

त्याच आठवड्यात शुक्रवारी सकाळी रूपाली कोरीटला गेली. नंदुरबारकडचं कोरीट हे तिचं माहेर. तिचा भाऊ चुडामण, त्याच्या मुलाचं, भाग्येशचं, रविवारी लग्न होतं. आता इथे मला थोडं गंभीर व्हावं लागेल, कारण विषय आहेराचा आहे.

आमच्या भागात लग्न असो, वास्तुशांती असो, पुरुषांना टोपी-टॉवेल आणि बायकांना साडी द्यावीच लागते. ती टोपी कोणी घालत नाही. तो टॉवेल अंग पुसायला घेतला तर पाणी अंगावरून नुसतं इकडून तिकडे फिरतं. साडीही बहुधा नेसत नाहीत. हे सगळं कपाटात जातं आणि पुढच्या लग्नाला दुसऱ्याकडे रवाना होतं. अख्खा खानदेश या देवाणघेवाणीवर चालला आहे आणि त्यात कोणालाच कमीपणा वाटत नाही. नियम एकच. ज्याचं त्याला परत जाता कामा नये.

आणि रूपालीच्या हातून एकदा ते झालं होतं. भाग्येशच्या बहिणीच्या लग्नात तिने छबूवहिनींना, म्हणजे चुडामणच्या बायकोला, वहिनींनीच दिलेली साडी आहेर केली. चारचौघींसमोर. त्यानंतर तीन वर्षं कोरीटचं दार बंद. राखीला रूपाली देवघरातल्या कृष्णाला राखी बांधायची आणि दिवसभर माझ्याशी तुसड्यासारखी वागायची. मागच्या वर्षी आमच्या वास्तुशांतीला वहिनी आल्या, बसल्या, कुंकू लावून घेतलं, एक साडी रूपालीच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, “हाई तरी माले परत देऊ नको.” जेवल्या नाहीत. त्या दिवशी रूपाली स्वयंपाकघरात पातेल्यांच्या आडोशाला रडली. मी बघितलं, पण बघितल्याचं दाखवलं नाही. नवऱ्याला एवढंच जमतं.

तर आता भाग्येश स्वतः पत्रिका घेऊन आला होता आणि दार उघडायची ही शेवटची संधी होती. रूपालीने तयारी चोख केली होती. कपाटाच्या खालच्या खणात तिची गाठोडी असतात. कोणाकडून आलेलं कोणतं, हे ती कुठेही लिहीत नाही. कुठलं गाठोडं कुठे ठेवलंय आणि कशात बांधलंय, यावरून ती ओळखते. तोरणमाळच्या मावशीचं जुन्या उशीच्या अभ्र्यात, नंदुरबारच्या दिराचं पिवळ्या पिशवीत, असं. तिच्या दोन्ही हातांत लग्नघरचं सामान होतं, म्हणून जाताना तिने मला तीनदा बजावलं, “उजवा हातले, निळी ओढणीमा बांधेल गठोडं. तेच वहिनीसाठे. शनिवारी येतांना जसंच्या तसं आना. सोडू नका.”

मी म्हटलं, “मी काय लहान आहे?”

संध्याकाळी हेतल वही घेऊन बसली. केळ्यांचा प्रयोग फसलेला. मी घरात वस्तू शोधत फिरलो आणि कपाट उघडलं. आणि मला जे दिसलं ते धनसिंग सरांनाही दिसलं नसतं. प्रत्येक गाठोडं म्हणजे एक कंस. आत टोप्या, टॉवेल, साड्या. टोपी टोपीत मिळते, टॉवेल टॉवेलात, पण टोपी आणि टॉवेल मिळून तिसरं काही होत नाही. सजातीय, विजातीय, सगळं आयतं बांधून ठेवलेलं. मला त्या क्षणी रूपालीबद्दल आदर वाटला. तो तिला सांगायचा राहिला, आणि नंतर तशी वेळ आली नाही.

“आधी कंस सोडवायचा,” मी म्हटलं आणि अभ्र्याची गाठ सोडली. तीन टॉवेल, दोन टोप्या. मग पिवळी पिशवी. दोन टॉवेल, चार टोप्या. हेतलने भराभर टॉवेल एकीकडे, टोप्या एकीकडे रचल्या. “पाच टॉवेल अधिक सहा टोप्या,” ती म्हणाली, आणि स्वतःच म्हणाली, “अकरा टॉवेलटोप्या नाही म्हणायचं.” तिला कळलं होतं. पोरीचा चेहरा असा उजळला की मी पुढची गाठोडीही ओढली. निळी ओढणी त्यातच होती. मी ती सोडली का? सोडली. कंस होता, सोडवला.

एव्हाना नथमलशेठ वास लागल्यासारखे आले होते. आपल्याच दुकानातला माल एवढ्या संख्येने एकत्र बघून त्यांना भरून आलं. खुर्ची ओढून ते बसले.

मग वजाबाकी. पहिल्या दोन कंसांतले पाच टॉवेल अधिक सहा टोप्या, यातून दोन टॉवेल अधिक एक टोपी असा एक कंस परत द्यायचा. मी रुबाबात फळा पुसल्यासारखा हात फिरवला आणि वहीत उत्तर लिहिलं. तीन टॉवेल अधिक सात टोप्या.

हेतलने कंसातल्या वस्तू उचलून शेठजींच्या मांडीवर ठेवल्या आणि उरलेल्या मोजल्या. “पप्पा, टोप्या पाच आहेत.”

“सात असणार,” मी म्हटलं. “नीट बघ.”

आम्ही पलंगाखाली पाहिलं. गादी उचलली. शेवटी माझी नजर नथमलशेठच्या डोक्यावर गेली. तिथे एक टोपी होती. मी नुसतं पाहिलं, पण माणसं हल्ली फार हळवी झाली आहेत. त्यांनी टोपी काढून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, “माझी आहे ही, भाऊ. आत तेलाचा डाग बघा. आणि ही मिळवली तरी सहाच होतात.”

हेतल शांतपणे म्हणाली, “पप्पा, कंसाच्या आधी वजा आहे ना, तो आतल्या सगळ्यांना लागतो. सर म्हणाले होते. तुम्ही टॉवेलच वजा केले, टोपी उलट वाढवली. असं कसं होईल? आपण लोकांना टोपी दिली आणि आपल्याच टोप्या वाढल्या?”

“सरकारात होतं,” नथमलशेठ म्हणाले.

माझी चूक मी मोठ्या मनाने ‘ती बघते का हे पाहत होतो’ या सदरात टाकली. त्यानंतर मात्र गाडी अशी सुटली की वजा टॉवेल म्हणजे द्यायचा राहिलेला टॉवेल, आणि समोरचाच ‘राहू द्या’ म्हणाला तर वजाचा वजा जाऊन टॉवेल आपला, इथपर्यंत पोरगी पोचली. पलंगावर चार स्वच्छ ढीग झाले. टोप्या, टॉवेल, ब्लाउजपीस, साड्या. अवघ्या कपाटाचं सरळ रूप. मी फोटो काढला आणि अभिमानाने रूपालीला पाठवला.

लगेच फोन आला. ती हळू आवाजात म्हणाली, “निळी ओढणी कोठे शे?”

“ओढणी आहे,” मी म्हटलं. “घडी घालून ठेवली.”

“आनि त्यामानं सामान?”

“ते आपापल्या सजातीय पदांत आहे.”

“कोनी साडी कोनती, ते आते कसं समजी? वहिनीनी दियेल साडी बी त्याच ढीगमा शे. ती जर परत वहिनीले गयी, तर मी या गावमा पाय ठेवू शकाव नही. तुम्हले समजी ऱ्हायनं का? ऐका, वहिनीनी साडी कशी शे ते सांगस. ती...”

“मला माहीत आहे,” मी म्हटलं. “माझ्या डोळ्यांदेखत दिली होती. आता साड्याही तू मला शिकवणार का?” आणि फोन ठेवला. एका संध्याकाळी एका माणसाने दोन बायकांकडून किती शिकायचं, याला मर्यादा आहे.

ढिगाकडे पाहिलं. चौदा-पंधरा साड्या. सगळ्या मला साडीसारख्याच दिसत होत्या. वास्तुशांतीला माझं लक्ष गुरुजींच्या दक्षिणेकडे होतं.

पण संकटात डोकं चालतं ते असं. ढिगातली साडी न्यायचीच नाही. नवी घ्यायची. नवी साडी कोणाचीच नसते. मी शनिवारी सकाळी नथमलशेठच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, “शेठ, घरात कुणाकडेच नसेल अशी द्या.” हा खर्च ऐकून रूपाली बोलणार हे मला माहीत होतं, पण माहेर मोठं की पैसा, असा विचार मी केला. तेवढा मोठेपणा माझ्यात आहे, फक्त तो वारंवार वापरत नाही.

शेठनी मागच्या फळीवरून एक काढली. “शेवटची आहे. असा माल आता येत नाही, भाऊ.”

घरी येऊन मी साडी पलंगावर टाकली, दाढी करायला गेलो आणि हेतलला सांगितलं, “मामीची साडी ओढणीत बांध, मामासाठी टोपी-टॉवेल ठेव.” तिने बांधलं. गाठ सुंदर मारली. आम्ही स्टँडवर पोचलो, नंदुरबारची गाडी पकडली, जागाही मिळाली. मला वाटलं, सुटलो.

प्रकाशा गाव मागे पडल्यावर हेतल म्हणाली, “पप्पा, तुम्ही आणलेल्या साडीसारखीच अजून एक होती ढिगात. अगदी सेम, काठसुद्धा. म्हणून दोन्ही एकत्र बांधल्या. सजातीय आहेत ना.”

मी खिडकीबाहेर बघितलं. कापूस होता. पुन्हा आत बघितलं.

“तशी साडी आपल्याला कुणी दिली होती?”

“ते नाही माहीत. पण नथमल आजोबांच्या दुकानाचीच पिशवी होती तिला.”

आता वास्तुशांतीच्या दिवशी वहिनी शहाद्याच्या स्टँडवर उतरल्या होत्या आणि समोरच्या दुकानातून साडी घेऊन आल्या होत्या, हे मला आठवलं. इतके दिवस कुठे होती ही आठवण, देव जाणे. म्हणजे शेठनी मला विकलेली साडी त्याच गठ्ठ्यातली उरलेली होती. असा माल आता येत नाही, हे ते खरं बोलले होते. नेमकं तेव्हाच खरं बोलायची काय गरज होती?

मी गणित मांडलं. गाठोड्यात दोन साड्या, दोन एक्स. एक काढली तर एक उरते, ती वहिनींना त्यांचीच वाटणार. दुसरी काढली तरी तेच. कोणती नवी हे मलाच कळत नाही, तर त्यांना काय कळणार. दोन्ही काढल्या तर शून्य, आणि सख्ख्या नणंदेचा नवरा लग्नाला हात हलवत आला, हे गाव पुढच्या दोन पिढ्या सांगणार. तरीही मी गाठ सोडून दोन्ही साड्यांचा वास घेतला, कारण आमच्या कपाटात डांबरगोळ्या असतात. दोन्हींना येत होता. शेजारच्या सीटवरच्या बाईने पोराला उचलून पलीकडच्या मांडीवर घेतलं.

“पप्पा, मी चुकले का?” हेतलने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “गणित बरोबर आहे.” ते खरंच बरोबर होतं. घाबरलो होतो मी.

ठरवलं की उतरल्याबरोबर रूपालीला बाजूला घ्यायचं आणि सगळं सांगायचं. पण कोरीटला मांडवाच्या दारातच चुडामणने “या पाव्हना” म्हणून माझे दोन्ही हात धरले आणि बायकांनी गाठोडं माझ्या काखेतून ओढून नेलं. मी पाणी पीत होतो तेवढ्यात ओसरीवर आहेर सुरू झाला. रूपाली लांबून माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता आणि मी, माझ्या स्वभावानुसार, मांडवाच्या झालरीकडे पाहिलं.

रूपालीने ओढणी सोडली. तिचा हात थांबला. पहिली साडी दिसताच तिने ओळखली होती. ओसरीवरच्या बायका पुढे सरकल्या, कारण मागचं सगळ्यांना ठाऊक होतं. छबूवहिनींनी साडी उचलली, काठ पाहिला, पदर पाहिला. त्यांचा चेहरा आवळत गेला. मग त्यांना खालची दुसरी दिसली.

त्यांनी दोन्ही शेजारी ठेवल्या. काठाला काठ लावला. आणि रूपालीला म्हणाल्या, “हाई मी तुले दियेल व्हती.”

रूपालीने मोकळ्या ओढणीची घडी घालायला घेतली.

“आनि तू इतला दिन जपी ठेवी. आनि इन्ही जोड धुंडी लयनी.” वहिनींनी रूपालीचा हात धरला. “मन्हासाठे?”

हल्ली लग्नांमध्ये घरच्या बायका एकसारख्या साड्या नेसतात, हे मला नंतर कळलं. नवऱ्या मुलाची आई आणि आत्या एकसारखी साडी नेसून उभ्या राहिल्या की फोटो चांगला येतो म्हणे. वहिनींनी एक साडी रूपालीच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाल्या, “सकायले आपन दोन्हीजनी याच नेससूत.” मग दोघी रडायला लागल्या. बाकीच्या बायकाही रडल्या, त्यांना कारण लागत नाही. चुडामण पाठ फिरवून मांडवाचा खांब तपासत होता. माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेलं. मांडवात धूळ असते.

रविवारी दोघी चिंतामणी रंगाच्या साडीत मिरवल्या. या रंगाला चिंतामणी म्हणतात, हे रूपाली मला फोनवर सांगणार होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला वहिनी सांगत होत्या की नणंदेने शहादा पालथं घालून जोडीची साडी शोधली. रूपाली नुसती हसत होती. मी दोनदा तोंड उघडलं. तिने दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी जेवायला बसलो.

मंगळवारी फेरचाचणी झाली. हेतलला वीसपैकी वीस. मी ओट्यावर उभं राहून, चार घरांना ऐकू जाईल असं तिला पेपर वाचायला सांगितलं. नथमलशेठही बाहेर आले. कंस सगळे बरोबर, चिन्हं बरोबर. शेवटचा प्रश्न होता, सजातीय आणि विजातीय पदांचं रोजच्या जीवनातलं एकेक उदाहरण द्या.

हेतलने लिहिलं होतं, ‘सजातीय पदे: आई आणि मामी. विजातीय पद: पप्पा.’

सरांनी दोन्हींवर बरोबरची खूण केली आहे. वास्तविक, एकटं पद विजातीय असू शकत नाही, त्याला तुलनेला दुसरं पद लागतं, आणि हे आता मला पक्कं माहीत आहे. त्या उत्तराचा गुण कापायलाच हवा होता. पण त्यासाठी धनसिंग सरांना भेटावं लागेल, भेटायला अर्ज करावा लागेल आणि अर्जावर धनसिंग सरांची शिफारस लागेल. तेव्हा तो गुण मी पोरीला राहू दिला.